क्लाउड गेमिंगचं सब्स्क्रिप्शन घेण्यासारखं आहे का, की पैसे साठवून पीसीच घ्यावा?

तुम्ही परभणीत राहता, घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप आहे. दरमहा पैसे भरून क्लाउडवर गेम खेळावेत की वर्षभर थांबून पीसी जुळवावा, असं विचारलंय. एकट्याने खेळायचे, कथानकाचे मोठे गेम आवडत असतील तर क्लाउड घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. रँक चढवायची, समोरच्याला आधी टिपायचं असे गेम असतील तर घेऊ नका. आणि काहीही ठरवण्याआधी लाइन तपासा, कारण तुमचा तो १०० चा आकडा इथे जवळजवळ काहीच सांगत नाही.

क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो. तुम्ही दाबलेलं बटण तिकडे जातं, तिथे चित्र तयार होतं, व्हिडिओसारखं आवळून तुमच्याकडे येतं आणि लॅपटॉप ते उलगडून दाखवतो. हे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदांनी. यूट्यूब पुढचा अर्धा मिनिट आधीच उतरवून ठेवतं, म्हणून लाइन मध्येच अडखळली तरी कळत नाही. गेममध्ये पुढचं चित्र अजून तयारच झालेलं नसतं, त्यामुळे साठवणार काय? म्हणून यूट्यूब फोर-के सुरळीत चालतं त्याच लाइनवर गेम अडखळतो, आणि लोक कस्टमर केअरला फोन करून स्पीड वाढवून घेतात. त्याने काही फरक पडत नाही. एनव्हिडिया आपल्या जीफोर्स नाऊ या क्लाउड सेवेसाठी ७२०पीला १५, १०८०पीला २५ आणि फोर-केला ४५ एमबीपीएस मागते. स्पीड तुमच्याकडे भरपूर आहे. त्याच अटींमध्ये सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंदांच्या आत हवा आणि ४० च्या आत असावा, असंही आहे. खरी परीक्षा इथे आहे.

मुंबई लांब आहे म्हणून मराठवाड्यात पिंग जास्त येतो, असं बरेच जण सांगतात. फायबरमधला प्रकाश १०० किलोमीटर जाऊन परत यायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. परभणी-मुंबई ५०० किलोमीटर धरलं तर अंतराचे जेमतेम पाच-सहा. बाकीचे मिलिसेकंद ऑपरेटरच्या वळणावळणाच्या रूटमध्ये, संध्याकाळच्या गर्दीत आणि तुमच्या घरातल्या वायफायमध्ये जातात. त्यातलं वायफाय तुमच्या हातात आहे, ऑपरेटर थोडाफार आहे.

तपासणी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान करा, सकाळी नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून टी, परत जागा सोडून ८.८.८.८, मग एंटर. दहा मिनिटं चालू द्या आणि कंट्रोल-सीने थांबवा. हा सर्व्हर गुगलचा आहे, गेमचा नाही, पण लाइनचा स्वभाव कळतो. शेवटी डेटाची किती पाकिटं (पॅकेट) वाटेत हरवली, पिंग कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी किती, हे दिसेल. सरासरी ३० आणि जास्तीत जास्त ४५ असेल तर उत्तम. सरासरी ३० पण मधूनच १८०, २२० असे आकडे येत असतील तर तीच लाइन गेमला नालायक. सरासरी ५० पण न हलणारी लाइन तिच्यापेक्षा कितीतरी बरी, कारण ठरलेल्या उशिराची हाताला सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही. हरवलेली पाकिटं शंभरात एकही असतील तर चित्र चौकोनी फुटायला लागतं.

ही तपासणी दोनदा करायची: एकदा वायफायवर, एकदा राउटरला लॅन केबल लावून. केबलवर आकडे सुधारले तर दोष वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दहा घरांची गर्दी असते, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव सुरू करून लॅपटॉप फक्त त्यावर ठेवा. पण ५ गिगाहर्ट्झला भिंत सोसत नाही. जुन्या माळवदाच्या घरात दोन-दोन फुटांच्या भिंती असतात, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर पत्राच सिग्नल अडवतो. अशा घरात महागडा राउटर घेऊन उपयोग नाही, सरळ कॅट-६ केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती बिनदिक्कत चालते. घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवली की आतून तुटते आणि दोष शोधताना माणूस वेडा होतो. लॅपटॉपचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असलं तरी पुरतं.

केबल लावूनही पिंग मधूनच उसळत असेल तर अपलोड बघा. पिंग चालू ठेवा आणि घरातल्या एखाद्या फोनवरून मोठा व्हिडिओ पाठवून बघा. २५ चा पिंग ३०० वर गेला, तर राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आहे आणि तुमचं बटण त्या रांगेत शेवटी उभं आहे. कित्येक घरांत हे काम फोनचा फोटो बॅकअप करतो. लग्नाहून आलेले तीनशे फोटो रात्री वायफाय मिळालं की चढायला लागतात, आणि नेमका तेव्हाच तुम्ही गेम उघडलेला असतो. खेळताना बॅकअप बंद ठेवा. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग लागतच नाही.

मोबाइल डेटावर हे करू नका. १० एमबीपीएसला तासाला साडेचार जीबी जातात, म्हणजे रोजचे २ जीबी सत्तावीस मिनिटांत संपतात. अनलिमिटेड ५जी असलं तरी टॉवरवरची गर्दी क्षणाक्षणाला बदलते आणि पिंगही तिच्याबरोबर. फायबरवर २० एमबीपीएसने रोज दोन तास खेळलात तर महिन्याला ५४० जीबी होतात. फायबर प्लॅनच्या महिन्याच्या ३३०० जीबीच्या मर्यादेत ते सहज बसतात, पण एअरफायबरच्या (घरी वायरशिवाय येणाऱ्या इंटरनेटच्या) १००० जीबीमधले निम्म्याहून जास्त जातात.

लाइटचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण आपल्याकडे ते आधी विचारायला हवं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढेच किंवा जास्त अँपिअर देणारा मिनी यूपीएस लावा. पण केबलवाल्याला एक प्रश्न आधी विचारा: तुमची लाइन जीपॉनची (ऑफिसपासून घरापर्यंत सलग फायबरची) आहे की गल्लीतल्या डब्यात स्विच बसवलाय? जीपॉनमध्ये फायबरच्या शाखा पाडणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, ऑपरेटरच्या ऑफिसात बॅकअप असला की झालं. गल्लीतल्या खांबावर स्विच असेल तर डीपी उडाली की तो मेला, मग तुमच्या घरच्या यूपीएसचा उपयोग शून्य. सर्व्हरवरचं सेव्ह शाबूत राहतं, पण शेवटच्या सेव्हनंतर खेळलेलं जाऊ शकतं. म्हणून सेव्ह करत राहायची सवय लावा.

तुमचा लॅपटॉप मात्र या कामाला पुरेसा आहे. चौथ्या पिढीचा इंटेल एच.२६४ या नेहमीच्या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का एवढं बघा. बंद असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, टास्क मॅनेजरमध्ये तो नव्वद टक्क्यांवर दिसतो, आणि लोक दोष लाइनला देतात. चार्जर लावूनच खेळा, कारण बॅटरी सेव्हरमध्ये चित्र अडखळतं. कंट्रोलर ब्लूटूथऐवजी यूएसबी वायरने जोडा. टीव्हीवर खेळणार असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्हीच चित्र सुधारण्याच्या नादात नेटवर्कपेक्षा जास्त उशीर करतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांत गेमिंग लॅपटॉप तापून मंदावतो, क्लाउडवर तुमचा साधा लॅपटॉप गारच राहतो. हा फायदा आपल्या भागात खरोखर मोठा आहे.

आता गेम. डावाडावाने खेळायचे, कोडी, शहर वसवायचे, मोकळ्या जगात भटकायचे गेम: उशीर जाणवतही नाही. कार रेसिंगमध्ये वळणावर जाणवतो, सवय होते. क्रिकेटच्या गेममध्ये बॅटचं टायमिंग हुकतं, ते चिडचिड करणारं आहे. फायटिंग आणि ऑनलाइन शूटर सोडूनच द्या. तिथे समोरच्याचा गेम त्याच्या मशीनवर चालतो आणि तुमचा प्रत्येक हुकूम प्रवास करून येतो.

पैशांचा हिशोब. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. ते ज्यातून मिळतं त्या गेम पास या सब्स्क्रिप्शनच्या महिनाभर आधी तीन श्रेणी झाल्या होत्या: इसेन्शियल ४९९, प्रीमियम ६९९, अल्टिमेट १३८९ रुपये महिना. अल्टिमेट त्याआधी ८२९ ला होता, यावरून भाव कसा उडी मारू शकतो ते बघा, आणि घेताना त्या दिवसाचा भाव तपासा. याच भावाने प्रीमियमचे वर्षाला ८३८८ होतात. अल्टिमेटचे तीन वर्षांत ५० हजार, आणि शेवटी हातात काही उरत नाही. २०२५ अखेरपासून रॅमचे भाव चढल्यामुळे पीसी जुळवायला वेळ वाईट आहे, म्हणून सध्या एक वर्ष स्वस्त श्रेणीवर काढणं मला पटतं. अल्टिमेट तुमच्यासाठी नाही. त्याचा एक फायदा १४४०पी चित्राचा, आणि तुमच्या लॅपटॉपचा पडदा तेवढा असण्याची शक्यता कमी.

एक फरक नीट समजून घ्या. गेम पासमध्ये गेम भाड्याचे असतात, यादीतून निघाले की गेले. जीफोर्स नाऊसारख्या सेवेत तुम्ही स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकत घेतलेला गेम त्यांच्या मशीनवर चालतो. उद्या सेवा सोडली तरी गेम तुमच्या खात्यात राहतो आणि पुढे पीसी घेतलात की कामाला येतो. गुगलचं स्टेडिया हे क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद पडलं. त्यांनी गेमचे पैसे परत केले, पण दरवेळी कोणी करेलच असं नाही. म्हणून गेम विकत घ्यायचाच असेल तर स्टीमवर, सेलमध्ये घ्या.

सुरुवात एक महिन्याच्या सर्वांत स्वस्त श्रेणीपासून करा, वार्षिक काही घेऊ नका. ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी खात्यातलं आपोआप नूतनीकरण बंद करा आणि यूपीआय ॲपमधला ऑटो-पेही रद्द करा. भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. पहिल्या आठवड्यात रात्री नऊनंतरच खेळून बघा, तेही केबल लावून.