मुक्कामी गाडीने ये

प्रिय पोरी,

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला. पुण्यातल्या सामाजिक संस्थांच्या परिषदेत दोन दिवस बसून तू तेवीस व्हिजिटिंग कार्डं घेऊन आलीस आणि त्यातल्या एकालाही फोन करायला तुझा हात उचलत नाही. ‘ताई, मला नेटवर्किंग जमतच नाही,’ असं तू तीनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणताना रडलीस. मी ‘होईल गं हळूहळू’ असं काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. म्हणून हे पत्र.

तू तळमळीने काम करतेस हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. त्यावर शाई घालवत नाही. एकच विचारते. त्या तेवीस जणांपैकी किती जणांच्या गावात तू रात्र काढली आहेस? एकाच्याही नाही. मग ‘जमत नाही’ कशाला म्हणतेस? तू ते अजून केलेलंच नाहीस. मुक्कामाला जा. पुढे मी हेच फिरवून फिरवून सांगणार आहे. कंटाळा आला तर इथेच घडी घालून ठेव.

मी या भागात आले ती 1993 च्या नोव्हेंबरात. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि विसर्जन आटोपून झोपलेली माणसं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादेतली बावन्न गावं नव्या जागी वसवायची होती आणि त्यापलीकडे हजाराहून अधिक गावांतली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. दुरुस्तीच्या त्या कामात पुढे महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने ती घडी बसवली होती. इंजिनियर काय म्हणतो ते घरमालकाला आणि घरात काय चाललंय ते इंजिनियरला सांगायचं, हे त्यांचं काम.

मी चोवीस वर्षांची, सोलापूरहून आलेली, एका दुसऱ्याच छोट्या संस्थेत, नवीकोरी पदवी घेऊन. सकाळच्या एसटीने गावात जायचं, सरपंच, गुरुजी आणि पारावरचे चार जण भेटायचे, वही भरायची, संध्याकाळी परत. एकदा परतीची गाडी चुकली. एका संवाद सहायक बाईच्या पत्र्याच्या शेडात राहिले. नऊ वाजता भाकरी, भांडी, जनावरांचं आटपून बायका एकेक करत आल्या. कोणत्या घराचं सिमेंट परस्पर कुठे गेलं, कोणता मिस्तरी बांधकामाला पाणीच मारत नाही, कोणत्या विधवेचं नाव यादीतून गळलं, सगळं कंदिलाच्या उजेडात बाहेर पडलं. अकरा वाजेपर्यंत मला कळलं की माझी वही जवळजवळ रद्दी आहे. मला कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं. ज्यांना दिवसा वेळ होता, त्यांनी आपापलं सांगितलं होतं, इतकंच.

कार्यकर्त्यांचंही तसंच असतं, बरं का. परिषदेत माइक हातात आला की प्रत्येकाचं काम यशस्वी. त्याच माणसाच्या घरी रात्री चटईवर पड, म्हणजे तो सांगेल की चाळीसपैकी बावीस गट नुसते कागदावर आहेत आणि दोन महिने पगार झालेला नाही. हे कळल्याशिवाय त्याची तुझी ओळख झाली असं मी मानत नाही.

26 जानेवारी 2001 ला भूजला भूकंप झाला आणि याच भागातल्या बायका कच्छात गेल्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. कच्छला जाऊन आलेल्या एकीला मी विचारलं, तुला गुजराती येत नाही, तिला मराठी येत नाही, मग बोललात काय? ती म्हणाली, ‘भिंतीला हात लावून बोललो.’ नव्या भिंतीवर तळहात ठेवायचा, कोरडी लागली की मान हलवायची आणि बादली दाखवायची. ‘चार दिस ऱ्हायले तिच्या तंबूत. पाचव्या दिशी तीच मला हाताला धरून दाखवाय लागली, हितं बघ, हितं वाळलंय.’ ही बाई सहीपुरती शिकलेली. जाताना जवळ लुगड्याचं एक गाठोडं आणि ज्वारीच्या कडक भाकरी. तुझ्याकडे तेवीस कार्डं आहेत.

मी ओरडतेय का? ओरडतेच आहे. पण तू कळंबमध्ये राहतेस म्हणून जास्त ओरडते. दर आषाढीला शेगावची पालखी तुझ्या गावावरून जाते. ज्या घरी दिंडी टेकते, त्या म्हातारीला विचार की अमक्या विणेकऱ्याला चहात साखर चालते का. तिला माहीत असतं. तो गेला असेल तर कोणत्या साली गेला आणि आता त्याचा मुलगा येतो की सून येते, तेही माहीत असतं. फोन नंबर मात्र नसतो.

आता माझं सांगते. हे सहसा कुणाला सांगत नाही.

2004 नंतर आमच्या संस्थेला जीप मिळाली आणि माझा मुक्काम सुटला. सकाळी निघायचं, तीन गावं करायची, सातला घरी. मुलगी लहान होती, सासूबाई थकल्या होत्या, हेही खरं. पण जीप होती म्हणून सुटला, हे जास्त खरं. त्या काळात बचत गटांची लाट होती. शेजारच्या तालुक्यात दुसरी एक संस्था होती, तिचा समन्वयक माझ्याच वयाचा. आम्ही किमान पंधरा कार्यशाळांत एकत्र जेवलो असू. एकमेकांचे अहवाल वाचले, एका व्यासपीठावर ‘समन्वय’ या विषयावर भाषणंही ठोकली. त्याच्या-माझ्या हद्दीवर एक गाव होतं. तिथे माझे सहा गट आणि त्याचे पाच. दोघांच्याही याद्यांत बायका त्याच होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. एका बाईने माझ्या गटातून कर्ज उचललं, त्याच्या गटातून उचललं आणि वर एका फायनान्स कंपनीचं घेतलं. सोमवारी एक हप्ता, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा. आमच्या दोघांच्याही अहवालात तिची परतफेड शंभर टक्के. दसऱ्यानंतर तिने मुकादमाची उचल घेऊन तिन्ही हप्ते फेडले आणि नवऱ्याबरोबर ऊस तोडायला, कोयत्यावर गेली. सातवीतली पोरगी धाकट्याला सांभाळायला सोबत नेली. ती पोरगी परत शाळेत आली नाही.

त्या गावात आम्हा दोघांपैकी कुणीही एक रात्र काढली असती, तर नऊनंतर कुठल्याही बाईने सांगितलं असतं. तो समन्वयक आता नाही. त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्याच्या दहाव्याला.

त्यामुळे आमच्या क्षेत्रात ‘नेटवर्क’ म्हणजे काय असतं याचा मला बरा अनुभव आहे. वीस वर्षं त्याचा अर्थ पैशाची नळी असाच होता. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेला परदेशी निधी यायचा, ती आमच्यासारख्या लहानांना वाटायची, वर्षातून दोनदा सगळ्यांना बोलवायची, आम्ही हात धरून गाणी म्हणायचो. 2020 च्या सप्टेंबरात परदेशी निधीचा कायदा बदलला. मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. कोविड चालू होता. आमच्या जाळ्यात अठरा संस्था होत्या. पुढच्या सहा महिन्यांत मला तीन ठिकाणांहून फोन आले. एकीने तांदळाचा टेंपो पाठवला, दुसरीने दोन कार्यकर्त्यांचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. या दोन्ही ठिकाणी मी मुक्काम केलेला होता, एकीकडे तर आजारी पडून आठ दिवस. तिसरा फोन ज्याने केला, त्याच्याकडे मी कधी गेले नव्हते. त्याने का केला ते मला आजही कळलेलं नाही. माझ्या म्हणण्यात तो बसत नाही, पण लपवत नाही.

आता तू म्हणशील, ताई, हल्ली पैसा कंपन्यांकडून येतो. येतो ना. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर लावावे लागतात. त्यांचे अधिकारी परिषदेत भेटतात, म्हणून सगळे तिकडे धावतात. तूही जा. नीट कपडे घाल, दोन मिनिटांत काम सांगायला शीक, आकडे तोंडपाठ ठेव. ते नोकरीचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला सोबत्यांचं जाळं समजून रडत बसू नकोस. आणि त्या अधिकाऱ्याला गावात बोलावलंस, तर संध्याकाळी पाचला परत सोडू नकोस. नऊपर्यंत अडकव.

मला एका राज्यपातळीवरच्या मंचाने समन्वयक व्हायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. महिन्यातले बारा दिवस मुंबईत काढावे लागले असते. त्या नकारानंतर आमचा एक प्रकल्प गेला आणि अकरा माणसांची संस्था चारवर आली. लोक म्हणतात, ताई आखडू आहे, तिने दुसऱ्यांची पोटं मारली. असेल. गेलेल्या सातांपैकी दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मंचावर गेले असते तर इथली माझी गावं सुटली असती, आणि त्या सातवीतल्या पोरीनंतर मला एकही गाव सोडायचं नव्हतं. हे पुन्हा वाचलं तर सफाई दिल्यासारखं वाटतंय. तू तसंच समज हवं तर.

घरचे विचारणार, पोरगी रात्री कुठे राहणार. विचारलंच पाहिजे त्यांनी. ज्या गावात जाशील तिथे गटातल्या बाईच्या घरी रहा, सरपंचाच्या वाड्यावर नको, विश्रामगृहावर तर अजिबात नको. कुणाकडे उतरलीस ते तुझ्या कार्यालयात एकाला आणि घरी एकाला कळव. फोनला रेंज कुठे येते ते पोचल्याबरोबर विचारून घे. जेवणाचे पैसे देऊ नकोस, अपमान होतो. शेंगदाणे, गूळ असं काही ने. चुलीपाशी बस, भाजी निवड, आणि नऊ वाजेपर्यंत प्रश्नावली बाहेर काढू नकोस. आणि एकटी जाऊ नकोस. तुझ्या गटातली एखादी बाई सोबत घे. तिला त्या दुसऱ्या गावात जे दिसेल, ते तुला दिसणार नाही. त्यांच्यातलीही एखादी मग तुझ्याकडे येऊ दे.

त्या तेवीसांतली तीन कार्डं निवड, जवळच्या जिल्ह्यांतली. वर्षभरात तिघांकडे एकेक रात्र. उरलेल्या वीसांचं काय करायचं ते तुझं तू बघ. सात व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पड असं मी म्हणणार होते, पण मीही पाचांत आहे.

पहिला मुक्काम माझ्याकडे कर. शनिवारी तुळजापूरहून संध्याकाळी सहाची मुक्कामी गाडी आमच्या गावाला येते, इथेच झोपते आणि पहाटे साडेपाचला परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपतात. त्यांना विचार, या मार्गावर कोणत्या घरात काय चाललंय, माझ्याहून जास्त सांगतील. तुझ्या त्या शेळ्यांवाल्या काकूंना आण. माझ्याकडे दोघींची अंथरुणं आहेत, गच्चीवरच झोपू. चादर मात्र तुमची तुम्ही आणा, पहाटे गार होतं.

तुझी,
ताई