आधी ओपीडी बघून ये

मावशी, मला बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, मुंबईत केईएम किंवा नायर हवं होतं. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, लागलं चौथ्या पसंतीचं, तालुक्याच्या गावातलं खासगी कॉलेज. बाबा म्हणतात, घेऊन टाक. मला वाटतं, वर्षभर थांबून पुन्हा नीटची परीक्षा द्यावी. मैत्रिणींना कॉलेजचं नाव सांगायचीही लाज वाटते.
— सांगलीची एक मुलगी

बाळा, केईएम हवं होतं ते उगाच नाही. 1953 पासून तिथे फिजिओथेरपी शिकवतात आणि पेशंटची रीघ असते. तेव्हा वाईट वाटणारच, दोन दिवस रडून घे.

पण पदवी दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच. पेपर तेच, पुढे नोंदणीही त्याच राज्य परिषदेत. फरक पडतो तो पेशंटमुळे.

माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा एक फिजिओ मुलगी घरी यायची. पहिल्यांदा आईला उभं करताना तिने स्वतःचा गुडघा आईच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला, कमरेला हात घातला आणि म्हणाली, "आजी, माझ्याकडे बघा, खाली नको." आई उभी राहिली. हे कुठे शिकलीस, विचारलं तर म्हणाली, "इंटर्नशिपला. रोज पॅरालिसिसचे पेशंट असायचे." तिचं कॉलेजही आडबाजूच्या गावातलंच होतं.

म्हणून वेबसाइटवरचे फोटो बघत बसू नकोस. प्रवेशाची मुदत संपायच्या आत बाबांना घेऊन एखाद्या सोमवारी सकाळी तिथे जा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का? ओपीडीच्या बाकांवर माणसं बसलीत का? इंटर्न मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचार, आयसीयूत छातीची फिजिओथेरपी स्वतःच्या हाताने केलीत का, की नुसती बघितलीत? सर खाटेजवळ उभे राहून शिकवतात का? ऑफिसमधून फी, हॉस्टेल आणि मेसचा चारही वर्षांचा हिशेब कागदावर लिहून घे.

बाकं रिकामी दिसली, तर सीट सोड, मग बाबा रागावले तरी चालेल. त्या कॉलेजसाठी त्यांनी कर्ज काढू नये. पण पेशंट असतील, तर मी तुला थांबू देणार नाही. पुढच्या वर्षी मुंबई मिळेलच याची हमी कोण देणार?

आणि मैत्रिणींना नाव सांग, गावासकट. जाऊन आलीस की मला लिही, बाकांवर किती माणसं होती ते.