टेक्सासमधल्या डॅलसच्या चिकट काळ्या मातीत आयरिस हे फुलझाड लावता येईल का?

हो, नक्की येईल. इथली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीची सख्खी बहीण आहे. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दाढीवाल्या आयरिसला (bearded iris, म्हणजे पाकळ्यांवर केसांचा झुबका असलेला प्रकार) तिचं वावडं नाही, साचलेल्या पाण्याचं आहे.

म्हणून खड्डा खणू नका, वरंबा करा. कंपोस्ट आणि बारीक खडी मातीत मिसळून साधारण 15-20 सेंमी उंच वाफा करा. नुसती वाळू घालू नका, चिकणमातीत ती विटेसारखी घट्ट बसते. जागा निदान सहा तास उन्हाची हवी. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात, कडक ऊन ओसरल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाढीवाल्या आयरिसचा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा असतो. मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर तो बसवा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली पसरू द्या आणि कंदाची पाठ उघडी ठेवा. पहिल्या वर्षी मी हळदीसारखा तो खोल पुरला होता. वसंतात पानं पिवळी पडली, उकरून पाहिलं तर आत घाण वासाचा लगदा! दोन कंदांत 30-40 सेंमी अंतर ठेवा, भरपूर शेणखत आणि जाड आच्छादन टाळा.

पाणी साचणारी जागा बदलताच येत नसेल, तर लुइझियाना आयरिस हा दुसरा प्रकार लावा. त्याला ओल मनापासून आवडते.