एकोणीस गोल कुणाचे?

‘मॅडम, पोरगं खोलीतनं बाहेरच येत नाही. कॉलेजची टीम हरली, त्यात काय एवढं? घरातल्या सगळ्यांनी सांगून बघितलं.’

कोल्हापुरातल्या एका वडिलांचं हे बोलणं. मी समुपदेशक; फुटबॉलचा हंगाम संपला की असे पालक माझ्याकडे येतातच. ज्या गावात शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेची टीम हरली की गल्लीत कुणाला जेवण जात नाही, तिथं ‘त्यात काय एवढं’ मुलाला खोटं वाटणारच. (ओळख कळू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

मुलगा दुसऱ्या वर्षाला, गोलकीपर. सात मॅच, पाच हार, दोन बरोबरी, एकोणीस गोल खाल्लेले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर त्यातलेच दोन-तीन गोल बघायचा आणि सकाळी कॉलेज बुडवायचा. ‘माझ्यामुळं हरलो’ याच्यापुढे त्याचं बोलणं जात नव्हतं.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आठवतो का, विचारलं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4, तिन्ही मॅच हरले, तरी अनिकेत पुढं आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘ते वर्ल्डकपला हरले मॅडम. आम्ही झोनललाच, विभागीय फेरीतच.’ दुसऱ्याच्या मोठ्या हारेनं आपली हार लहान होत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं.

मग वही काढली. एकोणीसच्या एकोणीस गोल लिहायचे. बॉल कुठून आला, कोण कुठं उभं होतं, कितवं मिनिट. आधी त्याला तीनच गोल आठवत होते, तिन्ही स्वतःच्या चुकीचे. दुःखी मन असंच वेचून आठवतं. बाकीचे आठवायला त्यानं टीममधल्या मित्रांना फोन केले. महिनाभरात पहिल्यांदाच.

दोन आठवड्यांनी हिशोब आला. तीन पेनल्टी. अकरा मीटरवरून मारलेला बॉल, मागं 7.32 मीटर रुंद गोल. चांगल्या चांगल्या कीपरलाही बहुतेक पेनल्टी अडवता येत नाहीत. पाच गोल त्या मॅचमधले, जेव्हा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पेठेतल्या तालमीच्या (स्थानिक क्लबच्या) टीमकडून खेळायला गेला होता. सात गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतले. तेराच पोरं, बदली खेळाडू दोन, पाय उचलत नव्हते. उरले चार. एक हातातून सुटलेला, दोन कॉर्नरला उशिरा पुढं आल्यानं, एक चुकलेल्या गोलकिकमुळं.

‘हे चार माझेच,’ तो म्हणाला. मी ‘नाही रे’ म्हटलं नाही. घरचे नेमकं इथंच चुकतात. ‘तुझी काहीच चूक नाही’ म्हटलं की मुलगा एकटा पडतो, कारण ते खरं नाही, हे त्याला ठाऊक असतं. चार गोलांचं ओझं उचलता येतं, एकोणीसचं नाही.

वडिलांना मी एवढंच सांगितलं, की समजावणं थांबवा, जेवताना शेजारी बसा, रात्री अकरानंतर मोबाईल बाहेरच्या खोलीत सगळ्यांचाच ठेवा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक गेली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला संकोच करू नका. मुलगा मरणाची भाषा बोलला तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे. याला तिथवर जावं लागलं नाही. हळूहळू झोप लागू लागली. प्रशिक्षक सरांकडं त्यानं रोज वीस मिनिटं फक्त कॉर्नरचा सराव मागून घेतला.

नव्या हंगामाची पहिली मॅच ते 1-2 हरले. संध्याकाळी त्याचा मेसेज आला : ‘मॅडम, दोन्ही लिहून ठेवले. एक माझा. कॉर्नरचा नाही.’