तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: खासबागेच्या कॅसेटी, छतावरचं सोलर आणि बाकी बरंच काही

या वेळची पत्रं नेहमीप्रमाणे नाना विषयांची आहेत. त्यातले पाच प्रश्न घेतले. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्या कामात उशीर झाला तर गेलेलं परत मिळत नाही.

आजोबांनी खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं समालोचन टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं. वीस-पंचवीस कॅसेटी आहेत. काहींच्या आत पांढरी पूड दिसते. हे सगळं कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं?
— शिवाजी पेठ, कोल्हापूर

अजून एकही कॅसेट लावू नका. कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन बारीक टिकल्या असतात. त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आधी मोडा. टिकली नसली की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही. घाईत चुकीचं बटण दाबून जुना आवाज पुसला जाणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो एका मिनिटात टळतो.

पांढरी पूड म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशा कॅसेटी वेगळ्या काढा. त्यातली एक जरी चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात लावली, तरी बुरशी हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवून त्या कोरड्या करा. उन्हात अजिबात ठेवू नका, उन्हाने कवच वाकतं. मग तोंडाला मास्क लावून कवचाचे पाच स्क्रू काढा, फीत हाताने सावकाश एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर घ्या आणि घेताना ती धागे न सुटणाऱ्या कोरड्या मऊ कापडातून जाऊ द्या. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यात पातळ पातं घालून उघडावं लागतं. ते पुन्हा बसत नाही, म्हणून स्क्रूवाली एखादी निकामी कॅसेट कवचासाठी हाताशी ठेवा. उघडलंच आहे तर फितीच्या मागची नमद्याची छोटी गादीही बघा. ती गळून पडलेली असली की फीत हेडला टेकत नाही आणि आवाज दबका, लांबून आल्यासारखा येतो.

डेक जुनाच लागेल, पण चालू स्थितीतला हवा. हेड आणि त्याशेजारचा धातूचा बारीक दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत पुसायचं. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल लावू नका, जुनं रबर त्याने कडक होतं आणि चिरतं. तिथे पाण्याने ओलसर केलेलं कापड पुरतं. आवाज लहरत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला आहे असं समजा. बऱ्याच डेकमध्ये तो वितळून काळा चिकट लगदा झालेला सापडतो. नवा घालण्याआधी तो लगदा पुलीवरून पूर्ण खरवडून काढावा लागतो.

प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात. १२० मिनिटांची कॅसेट असेल तर जपून, कारण तिची फीत ६० मिनिटांच्या फितीच्या निम्म्याच जाडीची असते आणि लगेच गुंतते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आवाजात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतो, आणि तो जुळला नाही की ‘स’, ‘श’, टाळ्या, शिट्ट्या सगळं बोथट ऐकू येतं. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी थोडा, एका वेळी आठवा भाग, फिरवा आणि आवाज सर्वांत लख्ख होईल तिथे थांबा. स्प्रिंग नसलेल्या दुसऱ्या स्क्रूला हात लावू नका.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात ती थेट घालून भागत नाही. तिथली माइकची बाजू एकाच वाहिनीची असते आणि इतक्या जोराच्या संकेताने आवाज फाटतो. स्टीरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. कुस्तीच्या समालोचनात हे फार महत्त्वाचं आहे. निवेदक शांतपणे पैलवानांची ओळख करून देत असतो आणि पाठ लागली की सगळं मैदान एकदम उसळतं. पातळी निवेदकावर बेतली तर नेमका तोच क्षण फाटतो. डेकवर डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करण्याचं बटण असेल तर बंद ठेवा, घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटीत डॉल्बी सहसा नसतं.

मूळ प्रत वेव्ह स्वरूपातच ठेवा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटीला ६०० एमबी जागा लागते. व्हॉट्सॅपवर नातेवाइकांना पाठवायला एमपी३ वेगळी काढा. खरखर कमी करायची असेल तर ती प्रतीवर करा, आणि ६ ते ९ डेसिबलपेक्षा जास्त नको. त्यापुढे माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. फाइलच्या नावात वर्ष, मैदान, कॅसेटीची बाजू आणि पैलवानांची नावं लिहा. नावं ओळखणारी घरातली किंवा तालमीतली वयस्कर माणसं आज आहेत. त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवा आणि ते सांगतील ते टिपून ठेवा. या यादीशिवाय नुसता आवाज पुढच्या पिढीला अर्धाच कळेल. आणि मूळ कॅसेटी टाकून देऊ नका.

परदेशी कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा ‘आपल्याला मानांकन आहे’ असं सगळे म्हणत होते. मग कारवाई का होत नाही?
— सुभाषनगर, कोल्हापूर

भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. ‘कोल्हापुरी चप्पल’ला ते २०१९ मध्ये मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत ठरलेल्या पद्धतीने बनवलेल्या चपलेलाच त्या नावाने विकता येतं. प्राडा या इटालियन कंपनीने जून २०२५ मध्ये मिलानला चपला दाखवल्या त्या ‘कोल्हापुरी’ म्हणून नव्हे, नुसत्या चामडी सँडल म्हणून. शिवाय हा भारतीय कायदा इटलीत लागू होत नाही. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं मान्य केलं, पण ते लोकमताच्या दबावाने झालं.

कारागिराला खरा फटका इथल्याच बाजारात बसतो. रेक्झिनच्या, चिकटवलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून सर्रास विकल्या जातात, आणि तिथे हा कायदा पूर्ण लागू आहे. घेताना तळाची कड बघा: चामड्याचे थर दिसायला हवेत आणि शिलाई चामड्याच्या वादीची हवी.

दोन किलोवॉट सोलर बसवायचा विचार आहे. लाइट गेली तरी घर चालेल ना? आणि आपल्या पावसाळ्याचं काय?
— कळंबा

नाही चालणार. अनुदानावर बसतात ते बहुतेक संच ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेले आणि बॅटरीशिवायचे असतात, आणि महावितरणची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर भर दुपारीही बंद होतो. हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून ती सोय आहे. लाइट नसताना घर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. घरात आधीचा बॅटरी-इन्व्हर्टर धड असेल तर तोच ठेवा आणि सोलर ऑन-ग्रिड घ्या, हे आमचं स्पष्ट मत.

एक किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरा. दोन किलोवॉटला महिन्याला २४० झाले. पण ही सरासरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये जास्त मिळेल, जुलै-ऑगस्टच्या झडीत निम्म्यावर किंवा त्याखाली येईल. नेट मीटरमुळे उन्हाळ्यातले शिल्लक युनिट पावसाळ्यात वळते होतात, म्हणून एका महिन्याचं बिल न बघता बारा महिन्यांचे युनिट बेरजेला घ्या. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे तुम्हाला ६०,०००, आणि कमाल ७८,०००. त्यासाठी पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले लागतात. कोटेशनवर ‘डीसीआर’ लिहून घ्या, नाहीतर अनुदान अडकतं.

जागा किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट. तोंड दक्षिणेला, उतार १५ अंशांच्या आसपास. सावली डिसेंबरात तपासा. तेव्हा कोल्हापुरात दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो, आणि दीड मीटर उंच टाकीची सावली भर दुपारी सव्वा मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीही अख्ख्या रांगेचं उत्पादन खाली ओढते. स्टँड गरम जस्ताच्या लेपाचा घ्या. बोल्टसाठी स्लॅबला भोक पाडलं तर ते त्याच दिवशी वॉटरप्रूफ करून घ्या. पहिल्या पावसात छत गळतं ते इथूनच. एसी, डीसी आणि वीजरोधक यांचे अर्थिंग तीन वेगवेगळे हवेत. ठेकेदार खड्डा वाचवायला ते एकत्र करू बघतात, करू देऊ नका.

जवळपास साखर कारखाना किंवा गुऱ्हाळ असेल तर गळीत हंगामात पॅनेलवर काजळी बसते. ती सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात.

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी याच तारखांना का? असं काही मुलांना घरी मोजता येईल का?
— गडहिंग्लज

किरणोत्सवात मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. त्याच्या दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून सारख्याच, जवळपास ४२ दिवस दूर आहेत. नोव्हेंबरात मावळतीचा सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो, २१ डिसेंबरच्या सुमारास तो वळतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याच जागी परत येतो. त्या दिवसांत आपल्याकडे तो नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर मावळतो. बांधणाऱ्यांनी मंदिराचा अक्ष आणि सूर्याची ही जागा किती काटेकोर जुळवली हे बघून मन भरून येतं.

काही वर्षी किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळपास ३८ पट हवेतून येतो, त्यामुळे थोडी धूळ, थोडी आर्द्रता पुरते. दुसरा अडथळा बांधकामांचा. किरणांच्या वाटेत शंभर मीटरवर नुसती तीन मीटर उंची वाढली तरी सूर्य पावणेदोन अंश आधीच झाकला जातो, म्हणजे मावळतीपूर्वीची शेवटची सात मिनिटं गेली. किरणं सर्वांत आडवी येतात ती याच मिनिटांत.

घरी मोजायला पश्चिमेची खिडकी हवी. पुठ्ठ्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडून तो खिडकीत लावा, बाकी खिडकी झाका. ५ मीटरवरच्या भिंतीवर सूर्याची साधारण पावणेपाच सेंटिमीटरची गोल प्रतिमा पडेल. सूर्याकडे थेट बघायचं नाही, भिंतीकडेच बघायचं. दर दोन मिनिटांनी प्रतिमेच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करा, खुणा जोडा, शेजारी तारीख लिहा. नोव्हेंबरात रोजची रेघ आदल्या रेघेपासून सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेघा एकमेकींवर येऊ लागतात आणि मग उलट्या फिरतात. १० नोव्हेंबरची रेघ पुन्हा कोणत्या दिवशी गाठली जाते ते मुलांना स्वतः शोधू द्या, तारीख आधी सांगू नका. पुठ्ठा जरा जरी हलला तर आधीच्या रेघा निरुपयोगी होतात, म्हणून तो चौकटीला पक्का चिकटवा.

वडिलांनी व्हॉट्सॅपवर आलेली ‘वाहन चलान’ची फाइल फोनमध्ये उघडली. आता फोन आपोआप मेसेज पाठवतोय. काय करू?
— इचलकरंजी

ती फाइल म्हणजे एपीके, म्हणजे अ‍ॅपच. ते ओटीपीचे मेसेज वाचून पुढे पाठवतं आणि संपर्कांतल्या सगळ्यांना तीच फाइल धाडतं. आत्ता लगेच फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फायही बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ती गोठवता येणं हे तुमच्या वेगावर आहे. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेवर येतं, म्हणून ती वेळ तुमच्या हातात लेखी हवी.

नुसतं अ‍ॅप काढून टाकायला गेलात तर बऱ्याचदा ते निघत नाही, कारण त्याने अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी घेतलेली असते. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी त्या दोन्ही बंद करा. पण आमचा सल्ला फॅक्टरी रीसेटचाच आहे. त्याआधी फक्त फोटो आणि संपर्कांची प्रत घ्या, अ‍ॅपची नको. सिम परत घातल्यावर हॅश हॅश ००२ हॅश डायल करून सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द करा, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. गावातल्या ज्या ग्रुपमध्ये वडिलांच्या नंबरवरून ती फाइल गेली असेल, तिथे आजच लिहा की ती कुणी उघडू नये.