देवघर नसलेल्या घरात वाढणारी नात

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत मिरजेच्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर.)

प्रश्न : सिस्टर, सा. न. वि. वि. मी कराडचा, बँकेतून निवृत्त. सकाळची पूजा आणि संध्याकाळी प्रीतिसंगमावर फेरी हा माझा नेम. मुलगा आणि सूनबाई पुण्यात असतात. दोघंही देव मानत नाहीत, घरात देवघर नाही. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तिसरीतल्या नातीनं विचारलं, "आजी कुठे गेली?" मी म्हणालो, देवाघरी. सूनबाई म्हणाली, "आजीचं शरीर थांबलं, आता ती कुठेच नाही." पोर रडत आत गेली. रात्री मुलगा मला म्हणाला, "बाबा, तिच्या डोक्यात हे भरू नका." मुलगा वाईट नाही. आईच्या आजारपणात रजा काढून उशाशी बसला होता. पण शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकानासुद्धा त्यानं रिकामा सोडला. उद्या पोरीवर संकट आलं तर ती कुणाचा धावा करणार? देव नाही म्हटल्यावर चांगलं वागायचं तरी कशासाठी? सुट्टीत ती माझ्याकडे येते, तेव्हा हळूच थोडं देवाधर्माचं शिकवू का?
– एक आजोबा, कराड

उत्तर : भाऊ, आधी माझं सांगून टाकते. मी देव मानत नाही. आमचे यजमान दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. आमचा संसार सुखाचा झाला. तेव्हा हे उत्तर कुठल्या बाजूनं येतंय ते तुम्हाला ठाऊक असू दे.

फॉर्मचं आधी मिटवते. धर्म लिहायची सक्ती सरकारला कुणावरही करता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2014 साली दिला आहे. रकाना रिकामा राहिला म्हणून नातीचं काही अडणार नाही.

आता चांगलं वागण्याचं. माझी सारी नोकरी वॉर्डात गेली. पहाटे तीन वाजता मेट्रन नसते, डॉक्टर झोपलेले असतात, नातेवाईक व्हरांड्यात पथारी टाकून पडलेले असतात. अशा वेळी एखाद्या बेवारशी म्हाताऱ्यानं अंथरूण घाण केलेलं असतं. ते तेव्हाच बदलायचं, की सकाळच्या ड्यूटीवर ढकलायचं, हे फक्त तुमच्या हातात असतं. रोज जप करणाऱ्यांनी ते बदललेलं मी पाहिलं आहे आणि ढकललेलंही पाहिलं आहे. देव न मानणाऱ्यांचंही तेच. आमच्यात केरळच्या ख्रिस्ती मुली होत्या, बौद्ध घरातल्या होत्या, वारीला जाणाऱ्या होत्या. कोण कशावर विश्वास ठेवतं, हे चादर बघून मला कधीच सांगता आलं नाही. आणि बौद्धांचं म्हणाल, तर 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी जो धम्म घेतला, त्यात जग निर्माण करणारा देवच नाही. पंचशील आहे, आणि त्या पंचशीलावर आज महाराष्ट्रात कितीतरी घरांत मुलं वाढताहेत. हे काही पुण्याच्या फ्लॅटमधलं नवं खूळ नव्हे.

तुमचा मुलगा आईच्या उशाशी बसला, हे तुम्हीच लिहिलंय. ते त्याला कुणी शिकवलं? तुम्ही आणि ती माउली, दोघांनी. देव त्यानं सोडला, पण तुमचं वळण सोडलेलं नाही.

तरीही तुमची काळजी खोटी नाही. मुलाकडचे लोक, म्हणजे माझ्याच बाजूचे लोक, जिथे कमी पडतात ती जागा तुम्ही नेमकी दाखवली आहे. ती वागणुकीची नाही, दुःखाची आहे.

एक मृत्यू सांगते. निवृत्त प्राध्यापक होते. मुलं शिकलेली, घरात कुणी देव मानत नसे. पहाटे ते गेले, तेव्हा तिन्ही मुलं पलंगाभोवती होती, आणि तिघांनाही काय करावं ते सुचेना. एकजण ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता, एकजण बिलाचं विचारायला निघाला, मुलगी नुसती भिंतीला टेकून उभी. वडिलांना हात लावायला कुणी धजेना. शेवटी आमच्या आयाबाई पुढे झाल्या. त्यांनी डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली, तोंड ओल्या कापडानं पुसलं. मग त्या मुलीचा हात धरून वडिलांच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, आता रड." तेव्हा ती रडली. तिच्या मनात बापाबद्दल माया नव्हती असं नाही. त्या मायेला हातानं करायला काही काम नव्हतं.

तुमच्या घरी ते काम आधीपासून ठरलेलं असतं. तोंडात तुळशीपत्र, गंगाजळ, दिवा, दहावा, तेरावा. कोण कधी येणार, कुणी पिठलं-भात आणायचा, हेही ठरलेलं. यातलं परलोकाचं काही मी मानत नाही. पण तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं राहतं, बाईच्या हातून चूल काढून घेतात, गेलेल्याचं नाव शंभरदा निघतं, हे मी मानते. धर्मानं माणसाला हे तयार दिलं. ज्यानं धर्म सोडला, त्यानं हे सगळं स्वतः उभं करायला हवं होतं. बहुतेकांनी केलं नाही. देवघर काढलं आणि त्या कोपऱ्यात काहीच ठेवलं नाही. नातीला रडू आलं ते 'देव नाही' म्हटल्यामुळे नव्हे. 'आता ती कुठेच नाही' एवढं बोलून मोठी माणसं गप्प झाली, म्हणून.

उलट बाजूही वॉर्डात पाहिली आहे. मिरजेत पेशंटच्या उशाखाली वाडीचा अंगारा सापडतो, मीरासाहेबांच्या दर्ग्यातला दोरा सापडतो, कधी एकाच उशाखाली दोन्ही. चादर बदलताना मी ती पुडी उचलून परत जागच्या जागी ठेवत असे. पण एक आई विसरत नाही. मुलाला रक्ताचा कॅन्सर होता. ती दिवसभर एकच म्हणायची, "नवस फेडायचा राहिला, म्हणून झालं." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. मुलगा गेल्यावर ती मुलाला मांडीवर घेऊन त्याची माफी मागत होती. ज्या श्रद्धेनं तिला सावरायचं, तिनंच तिला आरोपी केलं. असा पाया नातीला द्यायचा नाही, एवढं तरी तुम्ही-आम्ही एकमतानं ठरवू या.

म्हणून 'हळूच' शिकवू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. चोरून शिकवलेलं मुलांना लगेच कळतं आणि त्यातून ती आईबापांपासून लपवायला शिकतात. तुम्ही उघड करा. ती आली की पूजेला बसा, तिला फुलं निवडू द्या. विचारलं तर सांगा, "मी मानतो. तुझे आईबाबा मानत नाहीत. मोठी झालीस की तुझं तू ठरव." आठ वर्षांच्या मुलीला हे पेलतं. आजी झोपली आहे, असं मात्र कधी सांगू नका. मुलं झोपायला घाबरू लागतात. आणि 'देवानं नेलं' हेही टाळा. "मग आईलाही नेईल का?" असं वॉर्डात एका मुलानं मला विचारलं होतं.

मुलाला माझं हे उत्तर वाचायला द्या. त्याला सांगा, श्राद्ध करू नकोस, पण आईची तिथी रिकामी जाऊ देऊ नकोस. तारीख धर हवी तर. त्या दिवशी माणसं घरी बोलाव, आईच्या हातचं जे सगळ्यांना आवडायचं ते पोरीला बरोबर घेऊन कर, जेवताना प्रत्येकानं तिची एक गोष्ट सांगा. दरवर्षी कर, कंटाळा आला तरी कर. नेम हा देवाचाच असायला हवा असं नाही.

आणि तुमच्या कराडच्या शेजारचं टेंभू. आगरकर तिथले. परमेश्वर आहे असं त्यांनी कधी गृहीत धरलं नाही. 1888 साली 'सुधारक' काढलं आणि बालविवाह, केशवपन यांवर असं लिहिलं की पुण्यातल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. चांगल्या पगाराच्या नोकरीमागे न लागता शिक्षकी पत्करली, दम्यानं पोखरलेल्या शरीरानं काम केलं आणि 1895 साली चाळिशीही न गाठता गेले. दुसऱ्या बाजूला गाडगेबाबा. खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. व्हरांड्यात पथारी टाकलेली माणसं ज्यांनी रोज पाहिली, त्यांना त्या धर्मशाळेचं मोल विचारा. दोघांच्याही गोष्टी नातीला सांगा. आषाढीच्या आधी माउलींची पालखी लोणंद-फलटणला येते, ती दाखवायला न्या, आणि टेंभूलाही न्या. मुलाला आधी सांगून.

संकटात ती कुणाचा धावा करेल, हे आज ना तुम्हाला ठरवता येईल ना तिच्या बापाला. पण हाक मारायला माणसं असावीत, एवढी तजवीज तुम्ही करू शकता. त्यासाठी तुम्ही आणि मुलगा एकमेकांशी बोलते राहायला हवेत. सुरुवात तुम्ही करा, मोठे आहात म्हणून नव्हे, तर जोडीदार गेल्यावर तुम्हालाही कुणाशी तरी बोलायला हवं आहे म्हणून. पत्रात तुम्ही नातीचं पुष्कळ लिहिलं, स्वतःचं एक ओळही नाही.

प्रश्न : सिस्टर, माझ्या आईची इच्छा देहदानाची आहे. कुठलेही विधी नकोत म्हणते. भाऊ श्रद्धाळू आहे. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय आईला गती नाही म्हणतो. कुणाचं ऐकायचं?
– एक मुलगी, नाशिक

उत्तर : देह आईचा, तेव्हा देहाबद्दल आईचं. पण हे तिनं स्वतः मुलाला, समोर बसवून सांगायला हवं, आणि आताच. फॉर्म भरून ठेवला तरी तिच्या पश्चात जवळचे नातेवाईक अडून बसले, तर मेडिकल कॉलेज भांडणात पडत नाही आणि देह स्वीकारत नाही. म्हणून फॉर्मवर साक्षीदार म्हणून भावाचीच सही घ्या.

फॉर्म वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. नेत्रदानही करायचं असेल तर डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा. नेत्रदान झालेला देह कॉलेज घेतं. अपघाती मृत्यू, पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह घेत नाहीत. तसं झालं तर पुढे काय करायचं, हेही आईकडून आधीच विचारून घ्या. मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर रात्री-अपरात्री येईल का, हे बघून ठेवा. ऐन वेळी सगळं तिथेच अडतं.

भावाला पिंडदान करू द्या. देह समोर नसतानाही दर्भाचा पुतळा करून विधी करतात, गुरुजी सांगतील. आईला विधी नको आहेत हे खरं, पण तिच्यामागे राहणाऱ्या मुलाला दहा दिवस काही करावंसं वाटलं, तर तिची हरकत आहे का, हे तिलाच विचारा. बहुतेक आया 'हरकत नाही' म्हणतात. देह पोचवायला गाडीतून जाल तेव्हा भावाला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवू नका. मागे आईजवळ बसू द्या. फॉर्मची एक प्रत आणि विभागाचा फोन नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा.