गुणसूत्रांची संख्या जास्त म्हणजे प्राणी अधिक प्रगत का? आणि पेशी विभागताना आपल्या 46 गुणसूत्रांची 23-23 अशी वाटणी होते का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. मी जीवशास्त्र शिकवते, आणि दुसरा गैरसमज वर्गात दरवर्षी कुणाच्या तरी तोंडून ऐकते, कारण पुस्तकात सूत्री विभाजन (ज्यातून तेवढीच गुणसूत्रं असलेल्या पेशी होतात) आणि अर्धगुणसूत्री विभाजन (ज्यातून निम्मी गुणसूत्रं असलेली बीजांडं आणि शुक्रपेशी होतात) एकापाठोपाठ येतं आणि दोन्ही डोक्यात मिसळतात.

आधी संख्येचं. पेशीतला डीएनए ज्या वेगवेगळ्या तुकड्यांत असतो, ती गुणसूत्रं. बटाट्यात 48 गुणसूत्रं असतात, चिंपांझीतही 48 आणि आपल्यात 46. माझं आवडतं उदाहरण मात्र भेकर या लहान हरणाचं. भारतीय भेकराच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रं असतात आणि नरात 7. हे 1970 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा सस्तन प्राण्यात इतका लहान आकडा कुणी पाहिलेला नव्हता. चीनमधलं भेकर त्याचं जवळचं भावंड, पण त्याच्यात 46. दोघांच्या डीएनएच्या एकूण लांबीत फारसा फरक नाही. भारतीय भेकराच्या पूर्वजांमध्ये लहान गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळत गेली, एवढंच. एकच ग्रंथ कुणी 6 खंडांत बांधावा आणि कुणी 46 खंडांत, तसं हे आहे. नरात 7 का, तर लिंग ठरवणाऱ्या एक्स आणि वाय गुणसूत्रांपैकी एक्ससुद्धा दुसऱ्या एका गुणसूत्राला जोडलं गेलंय. नरात एक्स एकच, त्यामुळे त्या दुसऱ्या गुणसूत्राची जोडीदार प्रत सुटी राहते, आणि वाय वेगळं.

आता वाटणी. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे 2 मीटर भरतो, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून लहान केंद्रकात. हे जमतं कारण डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो: आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएच्या सुमारे 147 बेस-जोड्यांचा (म्हणजे त्याच्या शिडीच्या पायऱ्यांचा) वेढा, मग पुढचा गठ्ठा.

विभाजनाची तयारी म्हणून पेशी आधी सगळ्या डीएनएची दुसरी प्रत काढते. हाच टप्पा मुलं विसरतात. गुणसूत्रं 46 च, पण आता प्रत्येकात दोन तंतोतंत सारखी अर्धगुणसूत्रं असतात, म्हणजे एकूण 92. कोहेसिन नावाची प्रथिनं त्यांना एकत्र धरून ठेवतात. कंडेन्सिन नावाचं दुसरं प्रथिन गुणसूत्रांना आखूड, जाड करतं. पुस्तकातला तो इंग्रजी 'एक्स'सारखा आकार फक्त याच वेळी दिसतो. एरवी गुणसूत्रं केंद्रकात पसरलेली असतात.

मग पेशीच्या दोन्ही टोकांकडून तुर्कतंतू, म्हणजे ओढून नेणारे प्रथिनांचे धागे, येऊन गुणसूत्रबिंदूंना (अर्धगुणसूत्रं जिथे जुळलेली असतात त्या जागांना) पकडतात. इथे पेशी थांबते. एखादा गुणसूत्रबिंदू जरी मोकळा राहिला, तरी तिथून थांबण्याचा संदेश निघत राहतो आणि अख्खी पेशी त्याच्यासाठी खोळंबते. सगळे जोडले गेले की सेपरेज नावाचं विकर मोकळं होतं, कोहेसिन कापतं आणि अर्धगुणसूत्रं दोन टोकांकडे खेचली जातात. मला तरी सबंध पेशीशास्त्रात याहून सुंदर काही माहीत नाही. दोन्ही कन्यापेशींना प्रत्येकी 46 च मिळतात. तुमची त्वचा, आतडी, रक्त तयार करणाऱ्या पेशी रोज हेच करतात.

23 हा आकडा फक्त बीजांड आणि शुक्रपेशी तयार होताना येतो. तिथे प्रत एकदा निघते आणि वाटणी दोनदा होते. बीजांडात तर हे काम मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि पहिल्या वाटणीआधी अडवून ठेवलं जातं, कधी कधी 40 वर्षांहून जास्त. तेव्हा बसलेलं कोहेसिनच एवढा काळ तग धरून असतं. ते झिजलं की गुणसूत्रं वेळेआधी सुटतात आणि वाटणी चुकते. 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आल्या तर डाउन सिंड्रोम होतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी 1959 मध्ये दाखवलं. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, त्यामागे कोहेसिनचं हे झिजणं एक मोठं कारण मानलं जातं.